काळ्या कातळाची तांबडी भिंत

महाडहून पोलादपूरकडे जाताना, किंवा बिरवाडीवरून वरंध घाटाच्या दिशेला वळल्यावर, सिमेंटच्या नव्या घरांमधून एखादे जुने घर अजून उभे दिसते. जोते काळ्या दगडाचे. त्यावर गुडघाभर, कुठे कमरेइतका तांबडा पट्टा. पट्ट्याच्या वर चुन्याची सफेदी आणि माथ्यावर कौले. घराच्या मागल्या अंगाला गुरांचा गोठा असतो आणि त्याच्या वाट्याला ही सफेदी आलेली नसते. त्याच्या कुडाच्या भिंती खालपासून वरपर्यंत तांबूस, मातकट. वाडी डोंगराच्या कुशीतली असो की सावित्रीच्या काठची, ही मांडणी फारशी बदलत नाही, आणि ती इतक्या ओळखीची आहे की तिचे कारण विचारावे असे सहसा कुणाला वाटत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: तांबडा रंग शुभ. हे उत्तर खोटे नाही, पण ते गोष्टीच्या शेवटापासून सुरू होते. गोठा, कोठार, घराचा पाया या कष्टाच्या वास्तू आहेत. त्यांचा रंग आधी पायाखालची माती ठरवते, मग पाऊस ठरवतो, मग घरातला पैसा ठरवतो, आणि हे तिन्ही ठरून गेल्यावर माणसे त्या रंगाला अर्थ देतात. अर्थ खरा असतो, मोलाचा असतो, पण तो मागून येतो. महाड-पोलादपूरची तांबडी भिंत हे या क्रमाचे अतिशय स्वच्छ उदाहरण आहे.

हा क्रम आपल्याच मुलखापुरता नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडील शेतांवर गुरे, चारा आणि धान्य यांसाठी बांधलेली मोठी लाकडी कोठारे तांबडी असतात, आणि तो तांबडा रंग त्या देशाच्या ग्रामीण जीवनाची खूण होऊन बसला आहे. त्यामागे शुभाशुभाचा विचार नव्हता. जवसाचे तेल, साय काढलेले दूध, चुना आणि लोहयुक्त तांबड्या मातीची भुकटी या घरच्या किंवा अगदी स्वस्त वस्तू कालवून शेतकरी तो लेप तयार करत. तेल लाकडात मुरून पाणी अडवी आणि लोहाची भुकटी उन्हाचा मारा स्वतःवर घेई. त्याच शेतावरचे राहते घर मात्र बहुधा पांढरे असे, कारण पांढऱ्या रंगासाठी शिशाची सफेदी विकत आणावी लागे आणि ती महाग होती. पैसा घरावर खर्च झाला, कोठाराला माती मिळाली. ही माती इतकी स्वस्त का, याचे उत्तर फार दूर, ताऱ्यांच्या पोटात आहे. तिथे हलकी मूलद्रव्ये एकमेकांत मिसळून जड होत जातात आणि प्रत्येक पायरीवर ऊर्जा बाहेर पडते. लोखंडाच्या आसपास हा क्रम थांबतो, कारण त्यापुढे मिसळण्याने काही सुटत नाही, उलट खर्ची पडते. म्हणून विश्वात लोखंड भरपूर साठले आणि पृथ्वीच्या कवचातही प्राणवायू, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्या पाठोपाठ चौथा क्रमांक त्याचाच, सुमारे ५ टक्के. जे इतके विपुल आहे आणि हवा-पाणी लागताच तांबडे होते, ते माणसाने लावलेला पहिला स्वस्त रंग ठरावा यात नवल नाही.

महाडच्या बाबतीत मात्र एक अडचण लगेच समोर येते. इथला दगड काळा आहे. रायगडाचा कडा काळा, गांधारपाल्याची लेणी काळ्या कातळात, नदीतले धोंडे काळे. मग भिंत तांबडी कशी? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर पसरून हा सह्याद्री घडला, आणि त्या काळ्या पाषाणाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा लोहाच्या संयुगांचा आहे. दगडात कोंडलेले असते तोवर ते लोह काळेच दिसते. त्यावर वर्षानुवर्षे जोरदार पाऊस आणि मधल्या महिन्यांत कडक ऊन अशी पाळी चालू राहिली की दगडातले विरघळणारे घटक, म्हणजे चुनखडीचा अंश, सोडियम, पोटॅशियम आणि बरीचशी सिलिकाही, पाण्याबरोबर वाहून जातात. न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते आणि लोह गंजून तांबडे होते. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले की तो जवळपास दुपटीवर जातो, आणि तिथल्या पठाराच्या माथ्यावर जांभ्याची जाड टोपीच बसलेली आहे. जांभा म्हणजे हीच गंजण्याची क्रिया टोकाला गेलेला दगड. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश वैद्याने मलबारात तो ताजा असताना लोखंडी हत्याराने कापला जाताना आणि उघड्यावर आल्यावर टणक होताना पाहिला, आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. आपल्याकडचे चिरेखाणीवाले हा गुण त्याआधी कितीतरी पिढ्या ओळखून होते. सावित्री उगम पावते ती महाबळेश्वरच्या याच पठारावर. तिथून ती पोलादपूर, महाड असा प्रवास करते, तेव्हा पावसाळ्यातले तिचे पाणी तांबडे का असते हे वेगळे सांगायला नको.

आता हाच पाषाण घाटाच्या पलीकडे काय होतो ते पाहिले पाहिजे, कारण इथेच या विवेचनाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. वरंध घाट चढून भोरकडे उतरले आणि आणखी पूर्वेला फलटण-बारामतीच्या बाजूला गेले की पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. दगड तोच, लाव्हा तोच. पण पाणी कमी असल्याने त्यातले क्षार धुऊन जात नाहीत, लोह उघडे पडून गंजत नाही, आणि तयार होते ती कापसाची काळी जमीन. ही माती भिंतीला निरुपयोगी. पाणी प्याली की फुगते आणि वाळली की हातभर भेगा पडतात. म्हणून देशावरच्या माणसाने घरासाठी वेगळी, फिकट, चुनखडीचा अंश असलेली माती निवडली, आणि ही निवड मराठी भाषेत कायमची कोरली गेली: कसायची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गावठाणालाच पांढरी म्हणणारी भाषा हा त्या मातीचा केवढा मोठा दाखला आहे. कोकणातल्या तांबड्या मातीचे तसे नाही. क्षार धुऊन गेलेली ही माती पाणी पिऊन फारशी फुगत नाही आणि वाळून फारशी आकसतही नाही, त्यामुळे तीच शेतात आणि तीच भिंतीत चालते. म्हणजे घाटाच्या दोन्ही बाजूंना भाषा एक, सण तेच, कुलदैवते बहुतांश तीच, कुंकवाचा मान तोच. तरीही एका बाजूची जुनी भिंत फिकट पांढरी आणि दुसऱ्या बाजूची तांबडी. शुभ रंगाची कल्पनाच भिंत रंगवत असती, तर डोंगराची एक धार ओलांडल्यावर भिंतीचा रंग बदलला नसता. बदलला तो पाऊस, आणि पावसाने बदलली ती माती.

भिंतीची घडण पाहिली की हे आणखी पटते. डोंगरातल्या वाड्यांवर भिंत म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या ओळीने उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाने लिंपायच्या. शेणातल्या गवताच्या बारीक तंतूंमुळे लेप धरून राहतो आणि तडकत नाही. असा कूड उन्हाळ्यात हवा खेळू देतो, घाटातल्या गारठ्यात पुरेसा आडोसा देतो, आणि पडला तर पुन्हा उभारायला डोंगर जवळच असतो. त्याचा शत्रू एकच, पाणी. वरच्या पाण्याला छपराची पुढे काढलेली पाख अडवते. वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या झडीला पेंढ्याचे आणि झावळ्यांचे आडोसे अडवतात. पण पागोळ्यांचे पाणी अंगणात पडून जे उसळते, ते भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर तांबडी माती घेऊनच आदळते, आणि त्याला अडवणारे काही नाही. सफेदी केलेली भिंत असेल तर पहिल्याच मृगात तिचा खालचा भाग चिखलाचा होतो. म्हणून तिथे गेरू आला. तो भिंतीच्या सर्वांत जास्त झिजणाऱ्या भागावरचा जास्तीचा थर होता आणि उडणाऱ्या चिखलाच्याच रंगाचा होता. डाग लपायचा आणि दिवाळीपूर्वीच्या सारवण-पोतेऱ्यात तो थर सहज नवा करता यायचा. तांबडा पट्टा ही सजावट म्हणून पाहिली तर ती छान दिसतेच, पण पागोळ्यांच्या रेषेपासून भिंतीचे अंतर मोजले की ती सजावट कशातून निघाली ते उघड होते.

मग वरचा चुना? चुना विकतचा होता. किनाऱ्यावर शिंपल्या गोळा करून, लाकूडफाटा जाळून, भट्टीत भाजून तो तयार व्हायचा. महाड हे सावित्रीच्या खाडीवरचे जुने बंदर, त्यामुळे किनाऱ्याचा माल होडीने इथवर येऊ शकत होता, पण घाटाच्या पायथ्याच्या वाडीत तो पुढे डोक्यावरून किंवा बैलाच्या पाठीवरून न्यायचा. ज्या वस्तूला इंधन लागते, वाहतूक लागते आणि रोख पैसा लागतो, ती जपून वापरली जाते. ओटीवर, माजघरात, देवघराच्या भिंतीवर, जिथे उजेड हवा आणि पाहुण्याची नजर जाते तिथे चुना. बाकी ठिकाणी माती. गोठ्याला पैसा लावायचे काही कारण नव्हते, म्हणून तो पुरता मातीच्या रंगात राहिला. अमेरिकेतल्या त्या शेताशी याची तुलना करून पाहावी. तिथे लाकडाच्या फळ्या, इथे कारवीच्या काठ्या. तिथे जवसाचे तेल, इथे शेण. तिथे बर्फ, इथे पाऊस. आणि तरी निकाल सारखाच: माणसांचे घर पांढरे, गुरांचे तांबडे. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन समाजांनी एकच उत्तर काढले, कारण हिशेब एकच होता. पांढरे विकत मिळते, तांबडे पायाखाली मिळते.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो. आपल्याकडे तांबडा रंग पूजेत आहे, सौभाग्यात आहे, गावच्या वेशीवर आहे. त्याला निव्वळ मातीचा हिशेब म्हणणे म्हणजे श्रद्धेकडे पाठ फिरवणे नव्हे काय? याचे उत्तर श्रद्धेच्याच आचारात आहे. मारुतीला, वेताळाला, म्हसोबाला जो लागतो तो शेंदूर, आणि शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. तो डोंगरात खणून मिळत नाही, व्यापारातून येतो, म्हणून तो मूर्तीच्या अंगापुरता. कपाळावरचे कुंकू हळदीपासून बनते, तेही चिमटीने लागते. भिंतीला, जोत्याला, तुळशीवृंदावनाला, रांगोळीच्या खालच्या जमिनीला आणि दिवाळीत गुरांच्या अंगावरच्या ठशांना लागतो तो गेरू. देवाचे तांबडे आणि भिंतीचे तांबडे या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची वाटणी किमतीने केलेली आहे. पावित्र्य रंगछटेत असते, तर ही वाटणी पडली नसती. किंबहुना स्वस्त मातीतून पावित्र्य कसे उगवते, याचे उदाहरण भगव्या वस्त्रात आहे. संन्याशाची छाटी काव या तांबड्या मातीत बुडवून रंगवत. ज्याने सर्व सोडले त्याच्यापाशी नीळ किंवा मंजिष्ठ विकत घेण्याइतका पैसा कसला? त्याला मातीच उरली, आणि मातीचा तो रंगच पुढे त्यागाची खूण झाला. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीशी समर्थ रामदासांचे नाव जोडलेले आहे. तिथे येणाऱ्या भाविकाला भगवा रंग आधी अर्थ म्हणून दिसतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या घळीकडे जाणाऱ्या वाटेवरची मातीही त्याच कुळातली आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या मंदिरांवर चुन्याच्या थरावर काव चढवून, ती कोरून खालचा पांढरा उघडा करणारी कावी चित्रे आहेत. तिथे तर खेड्यातल्या भिंतीचे हेच दोन पदार्थ कलेच्या सर्वोच्च पायरीला पोचले. पालघरकडच्या वारल्यांच्या घरातही लग्नाचा चौक उमटतो तो गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. अर्थ आणि सौंदर्य मातीला नाकारून येत नाहीत, तिच्यावर उभे राहतात.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे, आणि तो युरोपातून येतो. स्वीडनमधल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघालेल्या लोहयुक्त मातीचा तांबडा रंग तिथल्या लाकडी घरांवर सर्वत्र दिसतो. १७६४ पासून तो मोठ्या प्रमाणावर तयार होत आला, आणि १९९२ मध्ये खाण बंद झाल्यावरही जुन्या ढिगाऱ्यांतून तो निघतोच आहे. पण तिथल्या उमरावांनी तो प्रथम लावला तो लाकडी घर विटेचे भासावे म्हणून. म्हणजे रंगामागे ऐपतीचा देखावा होता. ही गोष्ट खरी आहे आणि ती माझ्या म्हणण्याला मोडत नाही, नेमके करते. हौस एखादा रंग पहिल्या काही भिंतींवर आणू शकते. त्या रंगाला हजारो शेतकऱ्यांच्या गोठ्यांवर, पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरते ती किंमत. खाणीच्या कचऱ्यातून रंग फुकटासारखा निघाला नसता, तर तो वाड्यांवरच थांबला असता. कोकणातही कौलांची गोष्ट अशीच घडली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि ती सपाट, खाचेत बसणारी मंगलोरी कौले किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत गेली. सुरुवातीला ती ऐपतीची खूण होती. पण गवती छपराच्या दरवर्षीच्या शाकारणीतून सुटका आणि आगीची कमी धास्ती यांचा हिशेब जमला, तेव्हाच ती साध्या घरांवर चढली. आणि त्यांचा तांबडा रंगही भट्टीत तापलेल्या मातीतल्या लोहाचाच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. माती फुकट, असे म्हणताना आपण कुणाचे श्रम मोजलेच नाहीत? माती खणणे, डोक्यावरून आणणे, चाळणे, शेण गोळा करणे, मळणे, पावसाळा सरताच भिंत लिंपणे, दर काही दिवसांनी जमीन सारवणे हे सगळे काम घरातल्या बाईचे होते. शेतात लावणीला वाकलेली तीच आणि घरी सारवणाला वाकलेलीही तीच. तांबड्या भिंतीची स्वस्ताई तिच्या बिनमोल कष्टावर उभी होती, आणि जो कुणी आज मातीच्या घरांविषयी हळहळतो त्याने हा हिशेब आधी मांडला पाहिजे. सिमेंटचा गिलावा आणि डब्यातला रंग खेड्यात इतक्या वेगाने शिरला याचे कारण नव्याची ओढ एवढेच नव्हते. तो बाईच्या पाठीवरचे ओझे उतरवत होता. म्हणून मातीची भिंत परत आणा, असा या लेखाचा सूर नाही. पण हा आक्षेप मूळ विधान अधिक खोल करतो. रंग ठरवणाऱ्या किमतीत पैसा जसा असतो तसे श्रमही असतात, आणि कुणाचे श्रम फुकट धरले जातात यावरही भिंतीचा रंग ठरतो. भिंत वाचायची तर हेही वाचले पाहिजे.

चौथा आक्षेप महाडच्याच इतिहासातून उठतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच गावी मनुस्मृतीचे दहन झाले. त्या चळवळीचा रंग पुढे निळा झाला. महाराष्ट्रातल्या अनेक बौद्ध वस्त्यांत घराच्या भिंतीवर, कमानीवर, विहाराच्या दारावर तो निळा आज अभिमानाने उभा आहे. ही निळाई कुठल्याही मातीतून आलेली नाही. इथे अर्थ आधी आला आणि रंग त्याने निवडला. मग माझा क्रम कोसळतो का? माझ्या मते तो इथे पुढचे पाऊल टाकतो. निसर्गात निळी माती जवळजवळ नाहीच. भारतात निळा रंग नीळ या झाडापासून कापडासाठी निघे, आणि अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाची भुकटी तर सोन्याच्या तोलाची. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये जाँ बाप्तिस्त गिमे यांनी तीच लाजवर्दी निळाई भट्टीत कृत्रिम रीतीने तयार केली, आणि काही दशकांत ती इतकी स्वस्त झाली की धोब्याच्या बादलीत आणि चुन्याच्या घमेल्यात पडू लागली. चुन्यात थोडी नीळ कालवली की सफेदी उजळते, जास्त कालवली की भिंत आकाशी होते. म्हणजे निळ्याला अर्थ देता येण्याआधी निळा सर्वांच्या हाती यावा लागला. पण एक फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. ज्यांना गावात राहण्याची जागा, पाण्याचा घाट, अंगावरचे वस्त्र यांपैकी काहीही निवडू दिले गेले नव्हते, त्यांनी भिंतीचा रंग स्वतः निवडला. मातीने दिलेला रंग निमूट घेण्यापेक्षा निवडलेल्या रंगात वेगळे मोल आहे. रंग मातीपासून सुटला की माणसालाही मोकळीक मिळते, याचा याहून थोर पुरावा महाडला द्यावा लागत नाही.

रंग मातीपासून सुटण्याची ही क्रिया आज महाडच्या वेशीवर रोज चालू आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले, आणि पुढे त्याची एक वसाहत बिरवाडीजवळच्या या खोऱ्यात उभी राहिली. ती प्रामुख्याने रसायनांची. १९५१ साली पुण्यात सुरू झालेल्या सुदर्शन केमिकल या कंपनीचे रंगद्रव्यांचे कारखाने रोहा आणि महाड या रायगड जिल्ह्यातल्याच दोन ठिकाणी आहेत. ज्या तालुक्याने शतकानुशतके भिंतीचा रंग डोंगरातून खणला, तोच तालुका आता जगाच्या रंगपेटीत भर घालतो आहे. कारखान्यांची शेडे निळ्या, हिरव्या, करड्या पत्र्यांची आहेत, आणि गावातला नवा गोठाही आता पत्र्याखाली उभा राहतो. तरीही लोहाने आपली जागा सोडलेली नाही. शेडचा सांगाडा उभा करण्याआधी लोखंडी तुळईला बहुधा पहिला हात दिला जातो तो रेड ऑक्साइडचा, म्हणजे त्याच गंजाच्या भुकटीचा, जेणेकरून खालचे लोखंड गंजू नये. वरचा रंग कोणताही असो, अस्तर तांबडे. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींचा खालचा भाग आजही गडद तांबडा किंवा तपकिरी रंगवतात, रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना अजून गेरू आणि चुन्याचे पट्टे मिळतात. डब्यात हजार छटा मिळत असताना हे पट्टे टिकले, कारण पागोळ्यांचे पाणी आणि रस्त्यावरचा चिखल बदललेला नाही. निवड मोकळी झाली तरी जिथे माती आजही भिंतीवर उडते तिथे मातीचेच चालते.

या मोकळिकीची एक जबाबदारीही आहे. गेरू झिजला तर अंगणात मिसळायचा, कारण तो अंगणातूनच आला होता. कारखान्यात घडलेल्या रंगाचे सांडपाणी मात्र मातीचे नाही. ते प्रक्रिया करूनच सोडावे लागते, आणि सावित्रीच्या खाडीवर जगणाऱ्या मासेमारांचे पोट त्या प्रक्रियेच्या चोखपणावर अवलंबून आहे. जुना रंग आपोआप निर्धोक होता. नवा रंग निर्धोक ठेवावा लागतो, रोज, माणसांनी, लक्ष देऊन.

आणि माती स्वतःही विसरू देत नाही. ज्या पावसाने काळा कातळ कुजवून भिंतीला तांबडी माती दिली, त्याच पावसाने डोंगरउतारांवर त्या मातीचे जाड, सैल थर रचून ठेवले आहेत. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई या गावांवर आणि २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर डोंगर खाली आला. तळियेत ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी महाड शहरात सावित्री आणि गांधारी यांचे पाणी शिरले, आणि ते ओसरल्यावर बाजारपेठेतल्या प्रत्येक भिंतीवर, गुलाबी असो की हिरवी की निळी, माणसाच्या डोक्याहून उंच असा एकच तांबूस चिखलाचा पट्टा उरला. पूर्वजांनी गुडघाभर काढलेला पट्टा त्या दिवशी नदीने छपराजवळ नेऊन ठेवला. जुन्या घराच्या तांबड्या पट्ट्याने पाणी कुठवर येते, माती कुठवर उडते आणि भिंतीने कुठवर सावध राहायचे, याची रेघ पिढ्यान्‌पिढ्या आखून ठेवली होती. आपण आता हव्या त्या रंगाच्या भिंती बांधू शकतो, बांधाव्यातही. पण घर कुठे बांधायचे, किती उंचीवर आणि कोणत्या उताराखाली, हे ठरवताना ती रेघ वाचता आली पाहिजे. महाडच्या भिंतीला तांबडा रंग देणारा डोंगर अजून तिथेच उभा आहे, आणि दर मृगात तो थोडाथोडा खाली येतोच आहे.